सांधा

रात्री पावणेदोनला फ्रॅटनमधल्या एका गल्लीची लाईट गेली.
मराठीत ती जाते, आपणहून,
कंटाळलेली पाहुणी उठून जावी तशी.
इंग्रजीत तिला कोणीतरी कापलेलं असतं.
कंपनीच्या कागदावर यातलं काहीच नसतं:
घरं एकशे बारा, गुणिले मिनिटं,
उत्तराला म्हणतात ग्राहक-मिनिटे,
आणि ती कमी भरावीत म्हणून
मला आणि डेन्झिलला अंथरुणातून उठवतात.

पोर्ट्समथ हे बेट आहे, हे रस्त्यावरून कळत नाही.
घराला स्वतःची अशी भिंतच नाही,
दोघांत एक. शेजारी खोकला की
आपण उशी बदलतो.
जमिनीखालीही तीच दाटी:
नळ, गॅस, टेलिफोन, कुणाची तरी जुनी गटारं,
त्यांच्या पोटाशी आमची केबल.
झोपलेल्या पोरांच्या रांगेतून
अंधारात वाट काढावी
तसं फावडं चालवायचं.

चार फुटांवर सापडला सांधा.
वर शिसं, आत डांबर, त्याच्या आत कागद.
हो, कागदच. तेल प्यालेला, तांब्याभोवती गुंडाळलेला.
नव्वद वर्षं हे शहर कागदावर चाललंय.
डेन्झिलनं एक पट्टी फाडली
आणि गरम मेणात सोडली.
तडतडली.
मी म्हटलं, फोडणी.
तो म्हणाला, समुद्र.

मग मागे मागे कापत जायचं,
पट्टी गप्प बसेपर्यंत.

खड्ड्याच्या काठावर मिस्टर ओल्डरशॉ,
सत्तेचाळीस नंबर, पायात सपाता,
कोटाच्या आत पाळलेली पाल.
हातभर लांब, काटेरी हनुवटीची.
दिव्याखाली राहते ती, म्हणाले,
दिवा गेला की गार पडते.
किती वेळ लागेल?
आमच्याकडे पाल मनात चुकचुकते.
ही कोटात गप्प होती, त्याचीच भीती वाटली.

मी औष्णिक केंद्राच्या वसाहतीत वाढले, भुसावळकडे.
आमच्या घरी लाईट कधी गेली नाही.
भिंतीपलीकडच्या गावात आठ-आठ तास भारनियमन,
आणि राख मात्र दोन्हीकडे सारखी.
मंगला तायडे पुस्तकं घेऊन
आमच्या फाटकाजवळच्या खांबाखाली बसायची.
वॉचमन हाकलायचा, ती परत यायची.
दिव्याखाली अंधार ही म्हण बाईंनी शिकवली
तेव्हा वर्गात कोणी तिच्याकडे पाहिलं का,
आठवत नाही. मी पाहिलं नाही.
गणितात तिला माझ्याहून जास्त असायचे.

शिशाच्या नळीवर आतून खिळ्यानं कोरलेलं निघालं:
ए. बी., आणि खाली १९३४.
जुने जोडारी असं करत, डेन्झिल म्हणाला.
बुजवलं की कोण बघणार आहे, म्हणून.
नव्या सांध्याला शिसं नसतं,
प्लॅस्टिकचा साचा, त्यात ओतायची रेझिन.
त्यानं मला मार्कर दिला. यंदा तो रिटायर होतोय.
टेपवर मी लिहिलं, मं. ता.
तुझं नाव तर हे नाही, तो म्हणाला.
नाही, म्हटलं.
त्यानं रेझिन ओतली.

पाच वीसला लाईट आली.
कोणी टाळ्या वाजवत नाही,
एक फ्रिज दचकून जागा होतो, कुठे बाथरूमचा पंखा,
कालपासून चालू राहिलेला एक टीव्ही
रिकाम्या खोलीत बातम्या सांगू लागतो.
व्हॅनमध्ये बसून मी आकडा भरला:
चोवीस हजार ऐंशी.
गुडघे दुखत होते. माझेही सांधे आता
मेणात टाकले तर तडतडतील.

ओल्डरशॉ केव्हा आत गेले, कळलं नाही.
सत्तेचाळीसच्या माडीवर तांबडा दिवा पेटला होता,
आणि काचेपाशी, मान वर करून,
डोळे मिटून, ती.